मागच्या शॉकअपची रिंग फिरवल्यावर नेमकं काय होतं?

‘शॉकअप एक खाच टाइट करून द्या’, असं गॅरेजात सर्रास सांगितलं जातं. टाइट केला की स्प्रिंग कडक होते, अशी त्यामागची समजूत. ती मुळातच चुकीची आहे आणि बाकीचे बरेच गैरसमज तिच्यातूनच निघतात.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. आतल्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून ये-जा करत स्प्रिंगच्या उसळीला आवर घालतं. साध्या गाड्यांवरच्या खाचांच्या रिंगचा तेलाशी काही संबंध नसतो. ती फिरवली की स्प्रिंगचं एक टोक सरकतं आणि गाडीवर कुणी बसायच्या आधीच स्प्रिंग थोडी दबून राहते, एवढंच.

हिशेब करून पाहा. समजा, एक मिलिमीटर दबायला स्प्रिंगवर २ किलो भार लागतो. ६० किलो ठेवले तर ती ३० मिलिमीटर बसेल. आता रिंगने ती आधीच १० मिलिमीटर दाबली. पहिले २० किलो ती न हलता पेलेल आणि उरलेल्या ४० किलोंना २० मिलिमीटर बसेल. दर मिलिमीटरला २ किलो हे प्रमाण तसंच राहिलं. गाडी १० मिलिमीटर उंच उभी राहिली. (एका टोकाला दाट वेटोळी असलेल्या स्प्रिंगमध्ये कडकपणा किंचित वाढतो, पण मुख्य परिणाम उंचीचाच.)

मग टाइट खाचेवर एकट्याने जाताना दणके का बसतात? कारण गाडी पुरेशी खाली बसतच नाही. स्वार बसल्यावर मागची बाजू चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश खाली जायला हवी. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला तेवढीच जागा असते. ती नसली की चाक रस्ता सोडतं आणि खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर आदळतं. हे घरीही मोजता येतं. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून वरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग स्टँड काढून गाडीवर बसा आणि दुसऱ्या कुणाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या.

‘सगळ्यात मऊ खाच सगळ्यात आरामाची’ हेही एकट्यापुरतंच खरं. डबलसीट आणि वर सामान, किंवा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असले की शॉकअप शेवटच्या रबरावर आपटतो आणि तो दणका थेट कमरेत जातो. शिवाय मागची बाजू बसल्यामुळे हेडलाइट वर उचलला जातो. रात्री घाटात समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश येण्याचं हे एक कारण आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. क्लासिक ३५० ला सहा पायऱ्या दिल्यात, बऱ्याच लहान गाड्यांना पाच. ओझं बदललं की त्या बदलायच्या असतात. मात्र वरच्या खाचेने गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही.

बदल करायला मेस्त्रीच लागतो असंही नाही. टूलकिटमधला आकडीचा पाना पुरतो. आधी रिंगभोवतीचा चिखल पुसा, एकेक खाच पुढे जा. पहिलीवरून थेट पाचवीवर उडी मारली तर नुकसान होऊ शकतं. दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच खाचेवर हवेत, नाहीतर मागच्या चिमट्याला पीळ बसतो.

शेजारी डबी असलेल्या गॅसच्या शॉकअपबद्दलही गैरसमज आहे. पल्सरवरच्या अशा शॉकअपमध्ये वजन गॅस पेलतो, असं अनेकांना वाटतं. वजन मुख्यतः स्प्रिंगच पेलते. दाबाखालचा नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही. फेसाळलेलं तेल छिद्रांतून सहज निसटतं आणि उसळी आवरत नाही.

आणि गाडी उसळायला लागली म्हणून रिंग टाइट करणं हा तर उलटा उपाय. सीट जोरात दाबून सोडा. ती वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा हेलकावली तर आतलं काम संपत आलंय. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलंय. तेच तेल टायरवर किंवा ब्रेकवर उतरू शकतं, म्हणून थांबू नका, आणि शॉकअप जोडीनेच बदला.