बोटभर शिपाई, हातभर इतिहास

लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये वॉटर्लूच्या रणभूमीची एक भली थोरली प्रतिकृती आहे. तिच्यावर शिसं आणि कथिलाचे सुमारे ७५ हजार सैनिक उभे आहेत आणि प्रत्येकाची उंची जेमतेम सेंटिमीटरभर आहे. ही प्रतिकृती विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्यानं घडवली. तो स्वतः वॉटर्लूला लढलेला नव्हता. १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्याच्यावर हे काम सोपवलं. मग रणभूमीच्या मधोमध असलेल्या ला हे सेंत या शेतवाडीत त्यानं आठ महिने मुक्काम ठोकला आणि तिथली जमीन मोजून काढली.

पण जमीन मोजून काम भागणार नव्हतं. १८ जून १८१५ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास लढाई कशी दिसत होती, ते त्याला दाखवायचं होतं. त्यासाठी त्यानं हयात अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. त्या घटकेला तुमची पलटण कुठे होती? कोणत्या रचनेत होती? समोर शत्रू कसा उभा होता? आणि आजूबाजूच्या शेतांत कोणतं पीक होतं? शेकडो उत्तरं आली. ती पत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि वॉटर्लूच्या अभ्यासकांना त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. मधेच सरकारनं पैसा थांबवला, तेव्हा सायबोर्ननं पदरमोड करून काम पुरं केलं. १८३८ मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती लोकांसमोर आली. तिच्यात ब्रिटिशांच्या बाजूनं लढलेलं प्रशियाचं सैन्य फार ठळक दिसतं, असा आक्षेप वॉटर्लूचा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याच्या गोटातून आला होता. शेवटी सायबोर्नला प्रशियन आकृत्यांची मोठी संख्या उचलून घ्यावी लागली. सेंटिमीटरभर शिपाई कुठे उभा करायचा, यावरून राजकारण पेटू शकतं, ते असं.

सायबोर्नची प्रतिकृती खेळण्यासाठी नव्हती. तरीही ऐतिहासिक छोटे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळणाऱ्या आजच्या हजारो छांदिष्टांचा तो पूर्वज ठरतो. शिपाई घडवायचा किंवा रंगवायचा म्हटलं, की इतिहासाला अगदी बारीक प्रश्न विचारावे लागतात. पुस्तक लिहिणाऱ्याला कोटाच्या बाहीचा रंग गाळून पुढे जाता येतं. रंगवणाऱ्याला ती सोय नसते, कारण बाही समोर असते आणि तिला काहीतरी रंग द्यावाच लागतो.

न्यूरेंबर्गची कथिलाची फौज

या छंदाचं माहेर म्हणजे जर्मनीतलं न्यूरेंबर्ग. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट या कारागिरानं कथिलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली. पाटीच्या दगडावर आकृती उलटी कोरायची, दोन दगड जुळवायचे आणि मधल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. बाहेर पडणारा शिपाई पत्र्यासारखा पातळ असे, पण त्याच्या अंगरख्याच्या गुंड्या मोजता येत. पुढे न्यूरेंबर्गच्याच एर्न्स्ट हाइनरिक्सननं १८४८ च्या सुमारास ३० मिलिमीटर ही उंची रूढ केली. त्यामुळे वेगवेगळ्या कारखान्यांतले सैनिक एका रांगेत शोभू लागले. हे सैनिक वजनावर विकले जात आणि लाकडी डब्यांत भरून युरोपभर जात.

ते रंगवत कोण? बहुतेक वेळा गरीब घरांतल्या बायका आणि मुलं. कारखान्यातून आकृत्या घरी आणायच्या, स्वयंपाकाच्या टेबलावर बसून रंगवायच्या आणि नगावर मजुरी घ्यायची, अशी पद्धत होती. सम्राटांच्या फौजा अशा हातांनी रंगल्या. त्या रंगवणाऱ्यांची नावं कुठल्याच डब्यावर छापली गेली नाहीत. आज बव्हेरियातल्या कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथिलाच्या सैनिकांचं मोठं संग्रहालय आहे. तिथले देखावे पाहताना या अनाम रंगकऱ्यांची आठवण ठेवायला हवी.

१८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीनं पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात शिसं ओतायचं, बाहेरचा थर गोठला की आतला द्रव ओतून टाकायचा. धातू कमी लागला, शिपाई हलका आणि स्वस्त झाला. ५४ मिलिमीटर उंचीचा हा लाल डगलेवाला मध्यमवर्गीय इंग्रज मुलांच्या खोलीत पोचला.

नकाशा आणि खेळणं

युद्धाचा खेळ मात्र दुसऱ्याच वाटेनं आला. प्रशियातल्या फॉन राइसविट्झ या बापलेकांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी ‘क्रीगस्पील’ रचला. मुलानं १८२४ मध्ये त्याला पक्कं रूप दिलं, तेव्हा प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांनी तो सैन्यात शिकवायला लावला. त्यात खरा नकाशा होता, फासे होते आणि तटस्थ पंच होता. सैनिकांच्या जागी मात्र साधे ठोकळे होते. शिपायाचा चेहरा त्या खेळाला लागत नव्हता.

अधिकाऱ्यांचा नकाशा आणि पोरांचं खेळणं यांना एकत्र आणलं एच. जी. वेल्स यांनी. १९१३ मध्ये त्यांचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक आलं. जमिनीवर पुस्तकांच्या टेकड्या आणि ठोकळ्यांची घरं मांडायची, ब्रिटन कंपनीचे सैनिक उभे करायचे आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं लाकडी गोळे मारून ते पाडायचे, असा तो खेळ. वेल्स युद्धाचे समर्थक नव्हते. खऱ्या युद्धाची भयानकता कळायला खेळातलं युद्ध पुरेसं आहे, असं त्यांनी त्याच पुस्तकात मांडलं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जॅक स्क्रूबी आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांनी या खेळाला प्रौढांचा छंद बनवलं. फेदरस्टोन साउदॅम्प्टनला फिजिओथेरपिस्ट होते. त्यांचं ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ चं. त्याच सुमारास एअरफिक्सचे प्लॅस्टिकचे चिमुकले सैनिक दुकानांत आले आणि अख्खी पलटण शाळकरी मुलाच्या खिशाला परवडू लागली.

आज या धंद्याचं केंद्र इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम आहे. गेम्स वर्कशॉपसह अनेक कारखाने तिथे आणि आसपास एकवटले आहेत. छांदिष्ट त्या भागाला प्रेमानं ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. तिथल्याच मायकेल आणि अ‍ॅलन पेरी या जुळ्या भावांनी ऐतिहासिक आकृत्यांचा दर्जा वर नेला. १९९६ मध्ये एका ऐतिहासिक लढाईच्या पुनराविष्कारात तोफेचा अपघात होऊन मायकेल यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हातानं शिल्पकाम नव्यानं शिकून घेतलं आणि २००१ मध्ये भावाबरोबर स्वतःची कंपनी काढली. निळी आणि पिवळी पुटी मळली की हिरवी होते. त्या हिरव्या लगद्यातून तीन सेंटिमीटरच्या आत माणूस उभा करायचा, बंदुकीच्या पट्ट्याचं बक्कल आणि कपाळावरची आठीसुद्धा दाखवायची, हे काम ते आजही करत आहेत.

ब्रशाच्या टोकावर

आता एक शिपाई जवळून पाहू. उंची २८ मिलिमीटर, वॉटर्लूच्या ब्रिटिश पायदळातला. साच्याच्या दोन भागांची शिवण अंगावर बारीक रेघेसारखी उमटलेली असते. ती आधी कानशीनं घासून काढतात, नाहीतर रंग चढल्यावर ती जास्तच दिसते. मग साबणाच्या पाण्यानं धुणं, तळाच्या चकतीवर चिकटवणं आणि प्रायमरचा पातळ थर. पुष्कळ जण काळा प्रायमर पसंत करतात. दोन रंगांच्या मध्ये काळ्याची सुईएवढी रेघ सोडली, की पट्टा कोटापासून आणि कोट हातापासून सुटा दिसतो.

इतक्या लहान आकृतीवर खोलीतला उजेड पुरेशा सावल्या पाडत नाही. त्यामुळे सावली आणि उजेड दोन्ही रंगानंच काढावे लागतात. लाल कोटाला आधी काळपट तांबडा, घड्यांची खाच सोडून त्यावर विटकरी लाल आणि कडांवर नारिंगीकडे झुकणारा लाल. इथे उजेडासाठी पांढरा मिसळला, तर कोट गुलाबी होऊन बसतो. छातीवरचे पांढरे पट्टे आधी करड्या रंगाचे, मग मळकट पांढरे आणि शुद्ध पांढरा फक्त कडेला. त्वचेची उजळ छटा नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर, हनुवटीवर आणि बोटांच्या पेरांवर. बुबुळं काढण्याच्या भरीस न पडलेलं बरं. डोळे सावलीत ठेवले तरी चेहरा जिवंत होतो. शेवटी चमक घालवणारं मॅट वॉर्निश आणि तळाला वाळू व गवत.

यामागे साधं गणित आहे. २८ मिलिमीटरचा शिपाई खऱ्या माणसाच्या सुमारे साठावा भाग. म्हणजे टेबलावर मीटरभर लांबून पाहिलेला शिपाई हा प्रत्यक्षात साठेक मीटरवर उभा असलेला माणूस. इतक्या अंतरावर हवेमुळे रंग फिकटतात, म्हणून जाणता रंगकरी काळ्याच्या जागी गडद करडा वापरतो आणि निळा किंचित उजळ घेतो. हा हिशेब पाळला नाही, तर सगळे रंग अचूक असूनही शिपाई खेळण्यातला दिसतो.

आणि असा शिपाई एकटा नसतो. खेळात बहुधा एक आकृती २० खऱ्या माणसांच्या जागी उभी राहते. सहाशेची पलटण म्हणजे ३० शिपाई. ते एकेक करून कुणी रंगवत नाही. आधी सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या विजारी, मग सगळ्यांचे पट्टे. पलटण उभी राहायला संध्याकाळच्या संध्याकाळ जातात.

रंगाला पुरावा हवा

त्या लाल कोटाकडे पुन्हा वळू. ब्रिटिश शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या मुळांच्या रंगात रंगवलेला असे आणि उन्हापावसात तो विटकरी होई. अधिकाऱ्याच्या कोटाला कोचिनील किड्याचा महागडा शेंदरी रंग. म्हणून जाणता रंगकरी एकाच पलटणीत दोन लाल वापरतो. कॉलर आणि बाह्यांचा रंग पलटणीगणिक वेगळा. ढोलकऱ्यांचे रंग पुष्कळदा नेमके उलटे. आणि लढाईच्या आदल्या रात्री वॉटर्लूला धो धो पाऊस पडला होता, म्हणून विजारींवर चिखल हवाच.

फ्रेंचांच्या निळ्या कोटामागे तर जागतिक व्यापार आहे. नीळ समुद्रमार्गे येई आणि समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा पहारा. निळीची टंचाई झाली तेव्हा १८०६ मध्ये नेपोलियननं काही पलटणींना पांढरे कोट द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी १८०७ मध्ये आयलाऊच्या बर्फात झालेल्या भीषण लढाईनंतर पांढऱ्यावर दिसणारं रक्त आणि मळ पाहून फ्रेंच पुन्हा निळ्याकडे वळले. १८०७ सालची फ्रेंच पलटण रंगवायला बसलेल्या माणसाला नाकेबंदीचं अर्थकारण आपोआप वाचावं लागतं.

असईच्या टेबलावर

इथून वाट थेट जालना जिल्ह्यात येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गावाजवळ आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांची गाठ पडली. इंग्रजांची दीड हजारांहून जास्त माणसं कामी आली किंवा जखमी झाली. आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला वेलिंग्टननं म्हातारपणी असईचंच नाव दिलं. १९९८ मध्ये बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही कादंबरी याच लढाईवर आली. आज इंग्लंडमधले छांदिष्ट असई टेबलावर लढतात आणि तिकडचे काही ओतकार मराठा फौजेच्या आकृत्याही विकतात.

या टेबलाच्या दोन बाजू सारख्या नाहीत. इंग्रजांच्या बाजूला ७४ व्या हायलँडर पलटणीची कॉलर पांढरी, ७८ व्या पलटणीची फिकट पिवळसर. शंकेला जागाच नाही. समोर शिंद्यांचे कवायती कंपू. महादजी शिंद्यांसाठी दि बोइ या युरोपीय अधिकाऱ्यानं १७८४ पासून उभारलेल्या पलटणींचा हा वारसा, आणि असईला त्यांची धुरा पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे. त्यांच्यात बेगम समरूच्या पलटणीही होत्या. शिंद्यांच्या तोफखान्यानं इंग्रजांची दाणादाण उडवली. इंग्रज तोफांपर्यंत पोचले तरी पुष्कळ गोलंदाज जागचे हलले नाहीत. काहींनी मेल्याचं सोंग घेतलं आणि शत्रूची रांग पुढे जाताच पुन्हा तोफा डागल्या. या गोलंदाजांच्या पगडीचा, अंगरख्याचा, कमरबंदाचा रंग ठरवताना मात्र परदेशी रंगकऱ्याचा हात अडखळतो. इंग्रज पलटणींचे गणवेश छापील नियमांत सापडतात; आपल्या बाजूचा पुरावा विखुरलेला आहे.

पुरावा विखुरलेला आहे, पण आहे. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीबरोबर होता. १८१३ मध्ये छापलेल्या त्याच्या पत्रसंग्रहात दीन अली या हिंदी चित्रकाराची चित्रं आहेत. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. सेनापती आणि तह यांच्यासाठी हे कागद पुष्कळ वाचले गेले. साध्या शिपायाच्या अंगावरच्या कापडासाठी ते तितक्या बारकाईनं वाचले गेलेले नाहीत.

छोट्या रंगवलेल्या शिपायांची परंपरा आपल्याला परकी नाही. दर दिवाळीला आपल्या अंगणांत किल्ले उभे राहतात आणि त्यांवर मातीचे मावळे चढतात. मुलांच्या हातातली ही आवड मोठेपणी अभ्यासात उतरावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात जुने मोडी कागद असतील, तर त्यांतल्या कापडाच्या, पागोट्यांच्या आणि रंगांच्या नोंदी मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या आणि इतिहास संशोधकांपर्यंत पोचवा. मोडी शिकत असाल, तर एक तरी रुमाल शिपायांच्या कपड्यांसाठी वाचा. ब्रिटिश पलटणीची बाही कोणत्या रंगाची होती हे ब्रिटिशांनी सांगून ठेवलं आहे. असईच्या गोलंदाजाचा अंगरखा कोणत्या रंगाचा होता हे सांगण्याचं काम आपलं आहे.