पडद्यामागचें सुतारकाम

इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस' या नाटकाचा पहिला प्रयोग कोपनहेगन येथील राजनाट्यगृहांत २१ डिसेंबर १८७९ रोजीं झाला. नायिका नोरा नवऱ्याचें घर सोडून निघून जाते आणि खालच्या मजल्यावरील रस्त्याकडचें दार लागल्याचा आवाज कानीं येतांच नाटक संपतें. त्या आवाजाच्या अर्थाविषयीं टीकाकारांनीं पानेंच्या पानें लिहिलीं आहेत. तो आवाज काढावयाचा कसा, हा प्रश्न मात्र पडतो रंगभूमीवरील सुताराला. प्रेक्षकांना दिसणारी खोली ही लांकडी चौकटींवर कापड ताणून केलेली. तिच्यांतील दार कितीही जोरानें लावा, खोक्याचें झांकण पडल्यासारखाच त्याचा आवाज होणार, आणि भिंती थरथरणार त्या वेगळ्याच. म्हणून विंगेच्या आड जाड फळ्यांचें एक निराळें दार, बुटकें पण भक्कम, स्वतंत्र चौकटींत बसवून ठेवण्याची वहिवाट आहे. त्यांतून कोणी ये-जा करीत नाहीं. ठरल्या क्षणीं तें धाडकन् लावणें, एवढेंच त्याचें काम.

श्रोतेहो, घर बांधणारा सुतार एकच दार करतो. तें दिसतें, वाजतें आणि त्याच्या नातवाच्या काळापर्यंत टिकतें. नाटकाचा सुतार दिसावयाचें दार एक करतो आणि वाजावयाचें दुसरें. दोन्हीं दारें वर्षभर टिकलीं तरी पुष्कळ झालें; पण प्रयोग चालू असतां त्यांनीं क्षणभरही दगा देतां कामा नये. हा धंदा मुळांत सुताराचाच असला तरी शिकावा लागतो तो वेगळा, याचें कारण हेंच आहे.

आपल्याकडे हें काम तसें उशिरा आलें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें. त्यानंतर सुमारें पन्नास वर्षें आपल्या नाटकांतील राजवाडे, अरण्यें आणि रस्ते हे बहुधा रंगविलेल्या पडद्यांवरच असत. पडदा हें चिताऱ्याचें राज्य. सुताराकडे पडदा गुंडाळण्याचा वासा, झालरीची पट्टी आणि फार तर एखादें सिंहासन. (कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री. त्यांनीं आधीं नाटकांचे पडदे रंगविले आणि पुढें चित्रपटासाठीं कॅमेराही स्वतः घडविला. रंगाचें भांडें आणि अवजारांची पेटी एकाच माणसाजवळ असावीं, हा योग विरळा.) १ जुलै १९३३ रोजीं मुंबईस 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक केलें. त्यांत पडद्यांऐवजीं खऱ्या दाराखिडक्यांची, तीन भिंतींची खोली उभी राहिली. येथून आपल्या रंगभूमीवर सुताराला खरें काम मिळालें, असें मी समजतों.

मी हें काम शिकलों तें १९७६ सालीं, गिरगांवांतील एका लहानशा कारखान्यांत. शालान्त परीक्षा नुकतीच झाली होती. आमच्या घरीं सारी माणसें लेखणीवर जगणारीं. मुलानें रंधा हातीं धरावा हें वडिलांस मुळींच रुचलें नाहीं. "नाटकाचा नाद, आणि वर सुतारकी!" एवढेंच ते बोलले, आणि पुढें वर्षभर त्यांनीं माझ्या कामाची कधीं चौकशी केली नाहीं.

पहिले तीन आठवडे मला करवत दिसली, पण हातीं आली नाहीं. जुन्या चौकटींतले खिळे उपटावयाचे आणि ते ऐरणीवर ठोकून सरळ करावयाचे, हें माझें काम. त्या वेळीं तें अपमानाचें वाटे. पण शेंकडों खिळे पाहिल्यावर असें ध्यानांत आलें कीं, खिळा कोठें वांकला आहे यावरून तो ठोकणाऱ्याचा हात कसा पडला तें कळतें. त्यानंतर पटाशीला धार लावणें आलें, आणि मग एकदांची करवत. मेस्त्री मालवणकडचे, बोलणें थोडें. मी कापलेली पहिली पट्टी त्यांनीं उजेडाकडे धरली आणि विचारलें, "रेघ खंय गेली रे?" करवतीच्या दातांची वाट सुमारें अष्टमांश इंच लांकूड खाऊन टाकते. रेघेवरूनच करवत चालविली तर तेवढें माप कमी भरतें. म्हणून रेघेच्या टाकाऊ बाजूनें कापावयाचें; कापून झाल्यावर रेघ पट्टीवर शिल्लक दिसली पाहिजे.

मापासंबंधीं आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकाच लांबीच्या बारा पट्ट्या कापावयाच्या असल्या म्हणजे नवशिका पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा आंखीत जातो. प्रत्येक वेळीं पेन्सिलीच्या जाडीचा फरक पडतो. तो सोळांशांश इंचच धरला तरी बाराव्या पट्टीपाशीं तो पाऊण इंचाच्या घरांत जातो. म्हणून पहिली पट्टी नमुना म्हणून खूण करून बाजूला ठेवावयाची आणि बाकीच्या सर्व तिच्यावरूनच आंखावयाच्या.

आतां भिंतीकडे वळूं. नाटकाच्या भिंतीच्या एका तुकड्याला धंद्यांत 'फ्लॅट' म्हणतात. दहा फूट उंच व चार फूट रुंद असा फ्लॅट करावयाचा आहे असें समजा. तीन इंच रुंद व पाऊण इंच जाड अशा देवदारी पट्ट्या घ्यावयाच्या. सागवान महाग आणि जड. दोन उभ्या, वर एक आडवी, खालीं एक आडवी, मध्यें एक. कोपऱ्यांत पूर्ण लांबीची कोणती ठेवावी, उभी कीं आडवी? घराच्या दाराचे उभे खांब थेट जमिनीपर्यंत येतात, म्हणून शिकाऊ मुलगा येथेंही तसेंच करूं जातो. पण घराचें दार जागचें हलत नाहीं. फ्लॅट रोज जमिनीवरून सरकवितात. उभ्या पट्टीचें टोंक जमिनीला घांसलें तर तें चिरतें आणि चीर वर चढत जाते. म्हणून खालची व वरची आडवी पट्टी पूर्ण चार फुटांची, आणि उभ्या पट्ट्या त्या दोहोंच्या मध्यें. अर्थात् उभी पट्टी दहा फुटांची नव्हे, साडेनऊ फुटांची, आणि मधली आडवी साडेतीन फुटांची. माझा पहिला फ्लॅट साडेदहा फूट उंच भरला होता, हें सुज्ञ श्रोत्यांनीं ताडलेंच असेल.

चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं हें गुण्या लावून कळतें, पण एवढ्या मोठ्या आकारांत गुण्याची लहानशी चूक टोंकाला मोठी होते. मेस्त्री सुतळी घेऊन समोरासमोरचे कोपरे मोजीत. दोन्ही कर्ण सारखे भरले, म्हणजे दहा फूट सव्वानऊ इंच, कीं चौकट सरळ. पायथागोरसचा सिद्धान्त मी शाळेंत घोकला होता. मेस्त्रींना तें नांव ठाऊक नव्हतें आणि सुतळी मात्र बरोबर येत होती. कोपऱ्यांवर मागून प्लायवुडचे त्रिकोणी तुकडे खिळ्यांनीं बसवितात. हे तुकडे कडेशीं नेमके न लावतां पाऊण इंच आंत घ्यावयाचे, कारण शेजारचा फ्लॅट काटकोनांत येऊन भिडला कीं त्याच्या जाडीला तेवढीच जागा लागते. हें विसरलें तर खोलीच्या कोपऱ्यांत फट राहते, आणि त्या फटींतून मागचा उजेड प्रेक्षकांना दिसतो.

चौकटीवर मांजरपाट चढवितात. तें अगदीं ताणून लावावें असें कोणालाही वाटेल. मीही तसेंच लावलें होतें. त्यावर सरस व खडूच्या पुडीचें पातळ पाणी फिरविलें आणि रात्रभर वाळूं दिलें. सकाळीं पाहतों तों कापड आंखडून उभ्या पट्ट्या आंत वांकलेल्या. सरसाचें पाणी वाळतांना कापड स्वतःच ढोलाच्या कातड्यासारखें ताठ होतें. म्हणून आरंभीं त्याला किंचित् ढील द्यावी लागते.

याच हलकेपणामुळें एक मौज घडते. उभा फ्लॅट खालीं ठेवावयाचा असला म्हणजे एकानें खालच्या पट्टीवर पाय रोंवावयाचा आणि फ्लॅट सरळ सोडून द्यावयाचा. प्रथम पाहणाराला वाटतें, आतां चौकट फुटणार! पण कापडाखालीं कोंडलेली हवा बाहेर पडावयास वेळ लागतो, आणि तो एवढा मोठा तुकडा पानासारखा तरंगत अलगद जमिनीला टेकतो. दारखिडकीचें भोंक असलेल्या फ्लॅटवर मात्र हा प्रयोग करूं नये. हवेला वाट मिळाली कीं तो आदळलाच.

भिंत चुकली तर फार तर प्रेक्षक हंसतात. जिना चुकला तर माणूस पडतो. कामाला लागून दहा महिने झाल्यावर एक जिना मेस्त्रींनीं सर्वस्वीं माझ्यावर सोंपविला. चोवीस इंच उंचीच्या चौथऱ्यावर चढावयास सहा सहा इंचांचे चार चढ, म्हणजे तीन पायऱ्या आणि चौथा चौथरा. बाजूच्या फळ्या मी सहा, बारा व अठरा इंचांवर खांचा पाडून अगदीं बिनचूक कापल्या आणि त्यांवर एक इंच जाडीच्या फळ्या ठोकल्या. चूक कोठें आहे तें पाहा. फळीच्या जाडीमुळें पायऱ्या झाल्या सात, तेरा व एकोणीस इंचांवर. म्हणजे पहिला चढ सात इंचांचा, मधले दोन सहांचे, आणि शेवटचा पांचांचा. बाजूच्या फळीच्या बुडांतून तो एक इंच आधींच कमी करावयास हवा होता.

डोळ्यांना हा फरक दिसत नाहीं. पाय मात्र दोन पायऱ्यांत माप शिकतो आणि तिसरी तशीच असणार असें धरून चालतो. तालमीच्या वेळीं नायिका हातांत समई घेऊन अंधारांत उतरूं लागली. उतरतांना वरची पायरी पांच इंचांवर लागली, मग दोन सहांच्या, आणि शेवटीं जमीन होती सात इंचांवर. तिचा घोटा मुरगळला. समई पेटविलेली नव्हती, एवढेंच नशीब. पहिला प्रयोग तिनें पायाला पट्टा बांधून केला. मेस्त्री मला एक शब्दही बोलले नाहींत. त्यांनीं कारखान्याचे दिवे मालविले आणि त्या जिन्यावरून मला वीस वेळां चढउतार करावयास लावली. त्यानंतर तो जिना मोडून मींच पुन्हां केला.

समईची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. कापड, सरस आणि सुकें लांकूड यांहून जळाऊ मिश्रण शोधून सांपडणार नाहीं. ३० डिसेंबर १९०३ रोजीं शिकागो येथील इरोक्वॉय नाट्यगृहांत दिव्याच्या ठिणगीनें एका पडद्यानें पेट घेतला; आग अडविण्यासाठीं असलेला मोठा पडदा मध्येंच अडकला आणि सहाशें माणसें प्राणास मुकलीं. कापडावर टाकणखार व बोरिक अ‍ॅसिड यांचें पाणी मारलें तर त्यावर ज्वाला सहसा धरत नाहीं. पण धुतल्यावर हे क्षार निघून जातात आणि पाणी पुन्हां मारावें लागतें, हें कित्येक जुन्या कंपनीवाल्यांच्या गांवींही नसे.

वर्ष संपतां संपतां वडील आमचें एक नाटक पाहावयास आले. प्रयोग संपल्यावर आम्ही बिजागऱ्यांच्या खिळ्या उपटून भिंती एकेक करून उतरवीत होतों, कारण रात्रीच्या नाटकाचें सामान बाहेर ट्रकवर थांबलेलें होतें. ते विंगेंतून आंत आले आणि एका फ्लॅटच्या मागच्या बाजूवर त्यांनीं हात ठेवला. उघड्या पट्ट्या, प्लायवुडचे त्रिकोण आणि खडूनें लिहिलेला आंकडा एवढेंच तेथें होतें.

"ही बाजू रंगवीत नाहीं का रे?" त्यांनीं विचारलें.

मीं नाहीं म्हणून सांगितलें. मागें आंकडाच लागतो, त्यावरून कोणता फ्लॅट कोठें बसतो तें कळतें. त्यांनीं मान हलविली आणि म्हणाले, "मग हा सात नंबर घे, मी दुसरें टोंक धरतों."