साठातून सहा गेले, उरले चोपन्न

आधी तीन आकडे. ऐकू कमी येणाऱ्या बाळाची पहिली तपासणी महिन्याच्या आत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराला सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत, असा १-३-६ चा नियम श्रवणतज्ज्ञ मानतात. दुसरीकडे, कवटीच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र लावण्याच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता आहे ती ५ वर्षं, म्हणजे ६० महिने पूर्ण झालेल्या मुलांसाठी. स्क्रूच ३ ते ४ मिलिमीटरचा असतो आणि तान्ह्या बाळाचं हाड तेवढं जाड नसतं. साठातून सहा गेले, उरले ५४ महिने. मूल बोलायला शिकतं ते नेमकं याच काळात. दिवसाला १० तास जागेपण धरलं तरी हे १६ हजारांवर तास होतात.

हा हिशोब लागू होतो तो विशेषतः कानाची पाळी अर्धवट आणि कानाचं भोक बंद असलेल्या बाळांना. वेगवेगळ्या देशांतल्या नोंदींनुसार साधारण ६ ते १० हजार जन्मांमागे असं एक बाळ असतं. महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या आसपास जन्म धरले, तर ढोबळमानाने २०० ते ३३० बाळं. आपल्याकडे याचा दोष अजूनही आईच्या पदरात टाकला जातो. ग्रहणात भाजी चिरली, सुई-दोरा हातात घेतला, वगैरे. त्याला काहीही आधार नाही. बाहेरचा कान गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत घडतो आणि त्या घडणीत अडथळा आला की कान असा राहतो. बाळंतिणीला या बोलण्यातून सोडवणं हेही उपचाराइतकंच निकडीचं काम आहे.

दिलासा असा, की यातल्या बहुतेक बाळांचा आतला कान, म्हणजे ऐकण्याची नस जिथून सुरू होते तो शंख, शाबूत असतो. अडतं ते रस्त्यात. दोन्ही कानांत बोटं घालून मूठभर कुरमुरे चावून बघा. कान बंद असूनही कुरकुर डोक्यात घुमते, कारण जबड्यातली थरथर हाडातून थेट शंखापर्यंत पोचते. हाडावरून ऐकवणारी यंत्रं याच वाटेने जातात.

शस्त्रक्रियेविना वापरायचं यंत्र दिसतं कसं? बोटभर रुंदीचा मऊ, ताणणारा कापडी पट्टा, त्याला एक छोटी चकती आणि चकतीवर अडकवलेली काडेपेटीपेक्षा लहान डबी. टोपडं बांधावं तसा तो बाळाच्या डोक्याभोवती येतो, आणि चकती कानामागच्या उंचवट्यावर बसते. पट्टा ढिला असेल तर आवाज हाडापर्यंत जात नाही, फार आवळला तर कातडी लाल होते, म्हणून जागा अधूनमधून थोडी सरकवावी लागते. कपाळावरही चालतं. २०१७च्या सुमारास चिकटपट्टीने कानामागे लावायची यंत्रंही आली. एक चिकटपट्टी ३ ते ७ दिवस टिकते आणि डोक्यावर दाब येत नाही, पण आतला कान जवळपास निर्दोष असेल तरच ती पुरते. कमी खर्चाचा जुना मार्ग म्हणजे खिशातल्या यंत्राला जोडलेलं, हेडबँडवरचं कंपन करणारं बटण. दिसायला ओबडधोबड, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता डेसिबल. कानाचं भोक पूर्ण बंद असेल तर ऐकणं ६० डेसिबलपर्यंत घटू शकतं. मीटरभर अंतरावरून आपण बोलतो ते साधारण ६० डेसिबलनेच. म्हणजे अशा बाळाला आईचं बोलणं जेमतेम उंबऱ्याशी येऊन थांबतं. पट्ट्याने हीच पातळी बहुतेकदा २५-३० डेसिबलपर्यंत खाली येते. कातडीत मात्र काही आवाज मुरतो, उंच पट्टीत १० ते १५ डेसिबलपर्यंत. 'स', 'श' ही अक्षरं त्याच उंच पट्टीत असल्याने हाडातल्या स्क्रूइतकी सफाई पट्ट्याला येत नाही. हे आधीच सांगायला हवं. पण चोपन्न महिन्यांच्या शांततेपुढे ही उणीव किरकोळ आहे.

यातल्या सुमारे ७० ते ९० टक्के मुलांचा एकच कान बंद असतो. "एक कान चांगला आहे ना, मग झालं," असं सर्रास म्हटलं जातं. पण अमेरिकेत फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प यांनी १९८०च्या दशकात, नस दुबळी असल्याने एका कानाने कमी ऐकू येणारी ६० मुलं तपासली, तेव्हा त्यांतली ३५ टक्के निदान एका इयत्तेत तरी मागे राहिली होती. बंद भोकाच्या मुलांना हा आकडा जसाच्या तसा लावू नये, पण एक कान पुरे असं म्हणण्याआधी थांबायला तो पुरेसा आहे. पन्नास-साठ मुलांच्या गोंगाटी वर्गात बाई कुठून बोलतायत हे कळायलाच दोन कान लागतात.

आणि इथे कायदा आडवा येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारी' व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असलेली. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानातली घट ३५ डेसिबलच्या वर गेली, की तिला अक्षम करणारी घट मानते. दोन्ही कानांनी ५५ डेसिबल कमी ऐकणारं मूल संघटनेच्या मोजणीत आहे, आपल्या व्याख्येत नाही. एक कान बंद असलेलं तर कुठेच नाही. साधनांसाठीच्या केंद्राच्या योजनेला ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे यंत्राचा सगळा भार घरावर पडतो. मोठ्या माणसांसाठी आखलेली ही रेघ बोलायला शिकणाऱ्या बाळांना लावणं चूक आहे, आणि ती बदलायला हवी.

तोवर पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. भोक बंद असलेल्या कानात नेहमीच्या तपासणीची कळी बसतच नाही. बेरा, म्हणजे आवाजाला ऐकण्याची नस कसा प्रतिसाद देते हे मोजणारी तपासणी लागते, आणि तीही हवेतून व हाडातून अशी दोन्ही. हाडातून केलेल्या बेऱ्यानेच आतला कान चांगला आहे का, म्हणजे पट्ट्याचा उपयोग होईल का, हे कळतं. नस दुबळी असेल तर वाट वेगळी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असेल तर पुढे कुठे जायचं ते तिथे विचारता येतं. "याचा बापही उशिराच बोलला होता," असं घरात कोणी म्हणेल. त्यासाठी थांबू नका. बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'हाडातून बेरा' एवढे दोन शब्द लिहून घ्या.