शेवटच्या रांगेपर्यंत

पनवेल तालुक्यात लग्नसराई लागली की आगरी-कोळी गावांतल्या हळदी रात्रभर रंगतात. मांडव दारापुरता असला तरी त्याचा आवाज शिवेपलीकडे जातो. पूर्वी गाडीवर बॅटरी, अँप्लिफायर आणि दोन-चार कर्णे बांधून बेंजो पार्टी वरातीपुढे चालायची. आता टेम्पोतून बेस आणि टॉपचे खोके उतरतात आणि मागून जनरेटर येतो. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या मैदानांवर सभा, नवरात्र आणि गणपतीच्या निमित्ताने हाच सरंजाम कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. ठरवायला आलेला माणूस साउंडवाल्याला बहुधा एकच गोष्ट विचारतो: किती वॉटचा सेटअप?

जाणकार साउंडवाला मात्र आधी मैदान पायी फिरतो. शेवटचा माणूस किती लांब बसणार, शेजारून महामार्ग जातो का, वारा कुठून आहे, हे तो बघतो. उघड्यावर छत नसते आणि भिंती नसतात, त्यामुळे सुटलेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १ मीटरवर १२० डेसिबल असतील, तर १०० मीटरवर जेमतेम ८० उरतात. रहदारीचा गोंगाट ६५ डेसिबल धरला, तर भाषणातला शब्द नीट कळायला एवढे तरी लागतेच.

हे १२० डेसिबल आणायचे कुठून? घरगुती धाटणीचा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर सुमारे ९० डेसिबल देतो. त्याच्याकडून १२० काढायला १,००० वॉट हवेत. बोलताना आवाज मध्येच उसळतो, त्यासाठी आणखी १२ डेसिबलची जागा ठेवली तर हिशेब १६,००० वॉटवर जातो. तिथवर जाण्याआधीच त्या बिचाऱ्या स्पीकरची कॉइल जळून जाईल. चांगल्या कर्ण्याच्या युनिटला मात्र १ वॉटला १०८ डेसिबल मिळतात. त्याला तेच काम १६ वॉटमध्ये जमते आणि उसळी सांभाळायला अडीचशे वॉट पुरतात.

कर्ण्याची करामत त्याच्या आकारात आहे. युनिटमधला पडदा लहान आणि हलका असतो. तो समोरची मोकळी हवा नीट ढकलू शकत नाही. गळ्याशी अरुंद आणि तोंडाशी रुंद होत जाणारी नळी त्याची ताकद हवेत उतरवते, शिवाय आवाजाला दिशा देते. चहूकडे सांडणारा आवाज ४० अंशांच्या पट्ट्यात एकवटला की तो लांब जातो. दूरच्या पल्ल्याच्या स्पीकरचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कर्णा योग्य निवडून योग्य दिशेला वळवला तर शेवटच्या रांगेला त्याहून कितीतरी जास्त मिळते.

या कर्ण्याला शंभरावर वर्षे झाली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारोंच्या गर्दीला आपला 'मॅग्नाव्हॉक्स' ऐकवला. चार वर्षांनी सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन याच यंत्रातून बोलले. आपल्याकडे हे काम मुंबईच्या मोटवाने कुटुंबाने अंगावर घेतले. गांधी-नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रे पाहिली तर मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे दिसतात. ती त्यांचीच कंपनी. स्वातंत्र्याची चळवळ गावोगावच्या माणसांच्या कानांपर्यंत पोचवण्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो फार कमी लिहिला गेला आहे. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवानेही आरोपी होते.

मैदान फार लांब असेल तर व्यासपीठाजवळच्या कर्ण्यांवर सगळा भार टाकता येत नाही. पुढच्यांचे कान फाटतात आणि मागच्यांना पुटपुटणे ऐकू येते. मग मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात. इथे हमखास चूक होते. तारेतून सिग्नल क्षणात पोचतो, पण हवेतला आवाज पनवेलच्या उकाड्यात सेकंदाला सुमारे ३५० मीटर चालतो. ७० मीटरवरच्या मनोऱ्याला २०० मिलिसेकंद थांबवले नाही, तर तिथल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मुरलेला तंत्रज्ञ त्यावर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद चढवतो. व्यासपीठाचा आवाज आधी कानी पडला, की मनोऱ्याचा आवाजही समोरूनच आल्यासारखा वाटतो. कानाचा हा गुण हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये मांडला.

हवामानही हिशेबात धरावे लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला, तेव्हा त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, भर उन्हात बसले होते. त्या दिवशीच्या उष्म्याने १४ जणांचे प्राण गेले. अशा तापलेल्या मैदानावर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि आवाज वर वळतो. लांबच्या रांगा जणू त्याच्या सावलीत जातात. पाणी कुठे आहे, रुग्णवाहिकेला वाट कुठून द्यायची, या सूचना मागे कळल्याच पाहिजेत. म्हणून ध्वनियोजना सुरक्षेचा भाग समजायला हवी. रात्री उलटे होते. जमीन निवते, आवाज खाली वळतो, आणि हळदीचे गाणे दोन गावे ओलांडून जाते.

मोठ्या कार्यक्रमांत आता एकाखाली एक टांगलेल्या खोक्यांची लाइन अॅरे दिसते. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ हाइल यांनी १९९२ मध्ये व्ही-डॉस्क आणली आणि हा प्रकार जगभर रुजला. अशी उभी रांग आवाज वर-खाली फारसा सांडू देत नाही, आणि ठरावीक अंतरापर्यंत अंतर दुप्पट झाल्यावर ६ ऐवजी सुमारे ३ डेसिबलच उतरतात.

बेसचे गणित मात्र वेगळे. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते. साधा कर्णा तिला वळवू शकत नाही. ती खोक्याच्या मागेही तेवढ्याच जोरात जाते, भिंतीतून घुसते आणि शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसाच्या छातीत धडधडते. विसर्जनाच्या मिरवणुकीत एकावर एक रचलेल्या बेसच्या भिंतींबद्दल लोकांची तक्रार असते ती यामुळेच. उपाय आहे: तीनपैकी एक सबवूफर मागे तोंड करून ठेवायचा, त्याची ध्रुवता उलटी करायची आणि त्याला मोजका उशीर द्यायचा. मागचा आवाज बराचसा परस्पर मारला जातो. खोके तेवढेच राहतात, लागते ती समज.

कायद्याचा आकडा बघितला की ही समज किती गरजेची आहे ते कळते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर १० डेसिबल जास्त, किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. व्यासपीठापुढे १० मीटरवर १०५ डेसिबल वाजत असतील, तर नुसत्या अंतराने ६५ वर यायला १ किलोमीटर मोकळी जागा हवी. कामोठ्यात एवढी जागा आणायची कुठून? कर्णे खाली प्रेक्षकांकडे झुकवणे, मनोरे वाढवून प्रत्येकाचा आवाज कमी ठेवणे आणि बेस आवरणे, एवढेच हाती उरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांत प्रेक्षकांसाठीही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकरमध्येच आवाजाला मर्यादा घालणारी यंत्रणा बसवण्याचा विचार करावा, असे राज्य सरकारला सांगितले. आजच्या बहुतेक डिजिटल प्रोसेसरमध्ये लिमिटर असतोच. कार्यक्रमापूर्वी एकाने मीटर घेऊन मैदानाच्या हद्दीवर जायचे, दुसऱ्याने मिक्सरवर आवाज चढवत न्यायचा, आणि आकडा गाठला की लिमिटर तिथे बांधून टाकायचा. अर्ध्या तासाचे काम आहे. आयोजकांनी ते साउंडवाल्याशी केलेल्या करारातच लिहून घ्यावे.