माजी विद्यार्थी : स्मरणिकेतले आणि स्मरणिकेबाहेरचे

आयुर्वेद महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी मेळाव्यांना आता एक ठरीव रूप आले आहे. धन्वंतरिपूजन, गुरुजनांचा सत्कार, रौप्यमहोत्सवी तुकडीचे मनोगत, सहभोजन आणि जाताना हाती एक जाडजूड स्मरणिका. तिची बरीचशी पाने आपल्याच औषधनिर्मात्यांच्या जाहिरातींची असतात. (त्या नसत्या तर स्मरणिका निघाल्याच नसत्या, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.) उरलेल्या पानांवर महाविद्यालयाचे नाव उज्ज्वल करणाऱ्यांचा परिचय असतो, आणि तो असायलाच हवा. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयाचे विद्यार्थी वैद्य वसंत लाड यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात आयुर्वेदाच्या अध्यापनाची संस्था उभारली. पुण्यातच डॉ. अभिजित सोनवणे हे आयुर्वेदाचे पदवीधर २०१५ पासून मंदिर-मशिदींबाहेर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांवर पदपथावर उपचार करीत आले आणि त्यांना भीक सोडून छोटासा उद्योग धरावयास लावीत आले. अशा कार्याचा गौरव करण्यात आपण कमी पडत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र स्मरणिकेत ज्यांचे नाव पत्त्यांच्या यादीपलीकडे जात नाही, अशा पदवीधरांचा आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाचे आंतरवासित्व संपवून ही मंडळी सार्वजनिक आरोग्यसेवेत शिरली. नवसंजीवनी योजनेखालील भरारी पथकांचे मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्यांत आपले पदवीधर आहेत. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या; त्यांतील प्रत्येकीत डॉक्टर असावा असे ठरले, आणि त्या जागांवर प्रामुख्याने आयुष पदवीधर बसले. अपघातग्रस्ताला रुग्णालयापर्यंत जिवंत पोचविणे आणि धावत्या गाडीत प्रसूती करणे हे त्यांचे नित्यकर्म झाले. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून गेलेल्यांतही आपली संख्या लक्षणीय आहे. २०२० च्या महामारीत कोविड केंद्रांवर रात्रपाळ्या कोणी केल्या, हे वाचकांस सांगणे नको.

या सर्वांत अधिक विस्ताराने सांगण्यासारखे काम शाळा-अंगणवाड्यांच्या तपासणीचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. एका पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक पुरुष व एक स्त्री, त्यांच्या जोडीस परिचारिका आणि औषधनिर्माता. अंगणवाडीला वर्षातून दोनदा, शाळेला एकदा भेट, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची तपासणी. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालवयातील व्याधी आणि वाढीतील विलंब, असे चार वर्ग ठरलेले आहेत.

अंगणवाडीच्या दारात सतरंजीवर बसून एकामागून एक बालक पाहणे हे वरकरणी यांत्रिक काम वाटते. परंतु दंडघेराची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली उतरली की पाच वर्षांआतील ते बालक तीव्र कुपोषित ठरते. हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज ऐकू आला तर त्या बालकाचे पुढचे आयुष्य कदाचित त्या क्षणावर अवलंबून असते. तेथे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेखेरीज दुसरे साधन फारसे हाताशी नसते. काश्यपसंहितेने वर्ष उलटूनही पायांवर न चालणाऱ्या बालकाला ‘फक्क’ म्हटले, त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे भेद केले आणि त्याला चालते करण्यासाठी तीन चाकांच्या गाड्याचाही उपदेश केला. वाढीतील विलंब शोधणारा आजचा वैद्यकीय अधिकारी त्याच कौमारभृत्याचे काम करीत आहे. त्याच्या पेटीत आयुर्वेदीय औषधे किती असतात, असा आक्षेप आपल्यातील काही ज्येष्ठ घेतात. आक्षेप निराधार नाही. तथापि पेटीवरून वैद्य ओळखण्याची ही रीत मला मान्य नाही.

खरी अडचण तपासणीनंतर सुरू होते. दोष सापडला, चिठ्ठी दिली, शस्त्रक्रिया मोफत आहे हेही सांगितले. तरी आईबाप जिल्ह्याच्या गावी जातीलच असे नाही. मजुरी बुडते, घरी दुसरे लेकरू असते, ‘ऑपरेशन’ या शब्दाचे भय असते, आणि आजी म्हणते, पोर तर चांगले खेळते आहे! वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या पथकाच्या शब्दाला त्या घरात वजन कोठून येणार? ते वजन असते गावच्या किंवा तालुक्याच्या वैद्याला. त्याच्याकडे हे कुटुंब तापासाठी, जुलाबासाठी, बाळंतपणानंतरच्या काढ्यासाठी वर्षानुवर्षे येत असते. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा आणि आईबापांना समजावू शकणारा, दोघेही बहुधा आपलेच पदवीधर, एखादे वेळी एकाच महाविद्यालयाचे. दोघांची गाठ मात्र पडत नाही.

ही गाठ घालून देणे माजी विद्यार्थी संघांना सहज शक्य आहे. आपल्यापैकी अनेकजण पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन देतात. दर सत्तावीस दिवसांनी तीच बालके त्याच दवाखान्यात येतात. एवढी नियमित भेट कोणत्याही पथकाला लाभत नाही. त्या दिवशी थेंब देण्यापूर्वी वजन, दंडघेर आणि वयानुरूप हालचाली पाहण्यास प्रत्येक बालकामागे काही मिनिटे पुरतात. शंका आली तर पथकातील वैद्यकीय अधिकाऱ्याला दूरध्वनी करावा. उलट पथकाने ज्या बालकाला चिठ्ठी दिली त्याचे नाव, पालकांच्या संमतीने, जवळच्या वैद्याला कळावे. सुवर्णप्राशनाच्या औषधांबरोबर छापील पत्रके पाठविणाऱ्या औषधनिर्मात्यांनी त्या पत्रकाच्या मागील बाजूस बालकाच्या वाढीचे टप्पे छापावेत. पत्रकाची ती बाजू आज बहुधा कोरीच असते.

कंत्राटी नेमणुकीवर असणाऱ्या या पदवीधरांच्या मागण्यांचा विचार स्वतंत्र लेखात करावा लागेल. त्यांच्याकडून एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते, ती म्हणजे पदवीनंतर शास्त्रचर्चेला माणूस मिळत नाही. तालुक्याच्या ज्येष्ठ वैद्याने महिन्यातून एक रविवार दवाखान्यात सतरंजी अंथरली तरी ही तक्रार निम्मी मिटेल. पथकाने पाहिलेली बालके हाच त्या बैठकीचा पाठ ठरेल, आणि अशा विविधतेचे रुग्ण शहरातल्या नामांकित चिकित्सालयातही पाहावयास मिळत नाहीत.

पुढील मेळाव्याच्या संयोजकांना एक विनंती आहे. पत्त्यांची यादी आपण आजवर तुकडीनुसार छापत आलो. यंदा ती तालुक्यानुसार छापावी, आणि प्रत्येक तालुक्याखाली दवाखाना चालविणारे, औषधालय चालविणारे, रुग्णवाहिकेवरचे, उपकेंद्रावरचे आणि बालतपासणी पथकातले असे सर्वजण एकाच पानावर यावेत. यास छपाईचा खर्च वाढत नाही. केवळ नावांचा क्रम बदलतो.