होडीवर टेकायची बैठक

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडीवर नवं काही बसवायचं तर हेच दिवस. फायबरची लहान होडी असेल, तर लीनिंग पोस्टचा विचार करा. ही स्टिअरिंगजवळची उंच बैठक असते. तिच्यावर बसायचं नाही, उभ्याउभ्या टेकायचं. होडी लाटेवर आपटली की बसलेल्या माणसाच्या थेट कण्याला दणका बसतो. टेकून उभं राहिलं की तो बराचसा गुडघे झेलतात.

माप दुकानात नको, होडीवर घ्या आणि होडी चालवणाऱ्याचंच घ्या. स्टिअरिंग धरून उभं राहिल्यावर बैठकीची कड कमरेच्या जरा खाली यावी, कोपर किंचित वाकलेलं राहावं. बाप-लेक आळीपाळीने चालवत असतील, तर उंची कमी-जास्त करता येणारी घ्या.

पैसे गादीवर नाही, पाइपवर घालवा. ३०४ आणि ३१६ स्टील दिसायला सारखंच; पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. बिलावर ग्रेड लिहून घ्याच. गादीचा फोम पाणी न शोषणारा हवा. बैठक नुसत्या स्क्रूवर ठेवू नका. आरपार बोल्ट, खालून जाड पट्टी आणि भोकांना सीलंट हवं.

खालच्या जागेत लाइफ जॅकेट ठेवा, पण कुलूप लावू नका. परदेशी फोटोंत बैठकीमागे गळाच्या काठ्या खोचायच्या नळ्या दिसतात. जाळं टाकणाऱ्या होडीवर त्या नकोतच, जाळं त्यांत अडकतं.