मनीचा परवाना

कुत्र्याला परवाना लागतो हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला पत्र्याचा बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा. मांजराला मात्र असला जाच नव्हता. म्हणूनच पुणे महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव मांजरांचीही नोंदणी आवश्यक ठरवली, तेव्हा अनेकांना हसू आवरले नसेल. नोंदणीसाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखलाही हवा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतला जुना प्रश्न अखेर कचेरीच्या टेबलावर आला म्हणायचा! (हिंदीत तर बिल्ला म्हणजे बोकाच.)

खरी अडचण आहे ती मालकाची. वाड्यातले किंवा चाळीतले मांजर सकाळी तळमजल्यावर दूध पिते, दुपारी वरच्या बिऱ्हाडात गादीवर लोळते, रात्री बोंबलांच्या वासाने तिसऱ्याच घरी जाते आणि बाळंतपणाला चौथ्या घरचे कपाट धरते. पिले सात घरे फिरवते ती वेगळीच. आता यांपैकी अर्ज कोणी करायचा? लाड करायला सगळे पुढे, सही करायला कोणी नाही.

मांजर आणि सरकार यांची गाठ पूर्वीही पडली आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १९४९ साली पक्षिप्रेमी मंडळींच्या आग्रहावरून एक विधेयक मंजूर केले. मालकाच्या आवाराबाहेर मोकळे सापडलेले मांजर कोणीही पकडावे आणि मालकाला दंड व्हावा, असा त्याचा रोख. राज्यपाल होते ॲडले स्टीव्हन्सन, जे पुढे १९५२ आणि १९५६ साली आयसेनहॉवरविरुद्ध अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. त्यांनी २३ एप्रिल १९४९ रोजी विधेयकावर सही करायचे साफ नाकारले. सोबतीवाचून थोडेफार भटकणे हा मांजराचा स्वभावच आहे, शेजाऱ्याच्या अंगणात गेले म्हणून तो काही सार्वजनिक उपद्रव होत नाही, आणि उंदीर मारण्याचे काम कोण करते, असा त्यांचा सवाल. आज मांजर-पक्षी यांच्या भांडणात सरकार पडले तर उद्या कुत्र्या-मांजराच्या भांडणात पडेल, आणि परवा पक्ष्याने किडा खाल्ला तरी निवाडा करावा लागेल, असेही त्यांनी बजावले.

युक्तिवाद मोठा खुसखुशीत आहे. पण त्यांच्यापुढे प्रश्न पक्ष्यांचा होता, आपल्यापुढे आहे रेबीजचा. आपल्याकडे हा रोग बहुतेक कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो, हे खरे; तरी रोगट मांजराच्या चाव्याने वा ओरखड्यानेही तो होऊ शकतो. लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. कुत्रा चावला तर घरदार दवाखान्याकडे धावते; मांजराने ओरबाडले तर मात्र हळद लावून मूल पुन्हा खेळायला सोडतात. जखम साबण-पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवी. परवान्याच्या निमित्ताने मनीला दर वर्षी लस मिळणार असेल, तर आमचे मत परवान्याच्या बाजूने.

विलायतेत निराळीच तऱ्हा. ब्रिटनने कुत्र्याचा परवाना १९८७ साली रद्द केला. तेव्हा त्याची फी होती अवघे ३७ पेन्स. मात्र १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजर वीस आठवड्यांचे होण्याआधी त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवणे सक्तीचे झाले. न बसवल्यास दंड ५०० पौंडांपर्यंत. शेतावरची, माणसांशी फारसा संबंध न ठेवणारी मांजरे तेवढी यातून सुटली. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिच्यात ना बॅटरी, ना मांजर कुठे आहे हे सांगण्याची सोय. यंत्र वरून फिरवले की केवळ एक आकडा उमटतो, आणि त्या आकड्यावरून नोंदवहीतले मालकाचे नाव आणि पत्ता सापडतो. बिऱ्हाड बदलले आणि नवा पत्ता कळवायचा राहिला, तर हरवलेल्या मनीचा निरोप जुन्याच दारावर जाऊन थडकायचा.